बिनमिरचीची मिरची

माझ्या डाव्या कानामागे बोटाचं पेर बसेल एवढा खड्डा आहे. केस कापताना नव्या न्हाव्याचं बोट तिथं अडखळतं आणि तो विचारतो, "साहेब, इथं काय लागलं होतं?" मी म्हणतो, "मिरची." तो हसतो. मी थट्टा करत नसतो.

गोष्ट १९८४-८५ची. नाना दोंडाईचाजवळच्या एका खेड्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर मास्तर होते. गावात शाळा चौथीपर्यंतच, म्हणून पाचवीला मला जळगावला मामाकडे ठेवलं. दिवाळीनंतरच्या थंडीत माझा कान फुटला. सकाळी उशीवर पिवळा डाग, आणि तो वास. ज्याचा कान वाहिलाय त्यालाच तो वास ठाऊक. आठवड्याभरात वर्गात माझ्या बाकावर मी एकटा. मामीनं लसूण जाळून गोडेतेल कानात सोडलं. (तेही चूकच. वाहत्या कानात तेल घालू नये. पण मामी बिचारी फी घेत नव्हती.)

शनिवारी नाना आले आणि कुणीतरी सांगितलं म्हणून मला एका नावाजलेल्या होमिओपॅथकडे घेऊन गेले. त्यांचं नाव सांगत नाही. ते आता नाहीत, आणि माणूस वाईट नव्हता. घोटाळा तिथंच झाला. त्यांनी मला पाऊण तास दिला. त्यानंतर आजवर कुठल्या डॉक्टरनं मला पाऊण तास दिलेला नाही. कुठल्या कुशीवर झोपतोस? पाणी प्यायल्यावर हुडहुडी भरते का? गाल असे नेहमीच लाल असतात? घरची आठवण येते? या शेवटच्या प्रश्नाला मला रडू फुटलं. दहा वर्षांचं पोर, मायपासून दोन एसट्या बदलून जायच्या अंतरावर. डॉक्टरांचा चेहरा मात्र उजळला. वाहता कान, कानामागचं दुखरं हाड, अंगानं गुबगुबीत, गाल लाल आणि वर घरची ओढ. त्यांच्या पुस्तकातलं चित्र माझ्या चेहऱ्यावर तंतोतंत बसलं होतं.

नानांच्या डायरीत त्या दिवसाची नोंद आहे, टपोऱ्या मास्तरी अक्षरात: कॅप्सिकम २००. चार गोळ्या, तीन वेळा. कांदा, लसूण, कॉफी बंद.

चार महिने मी त्या गोळ्या जिभेवर विरघळवल्या. गोड होत्या. खोटं कशाला बोलू, आवडायच्या. कान थांबायचा, पुन्हा वाहायचा. थांबला की गोळीचा गुण, वाहिला की 'रोग बाहेर पडतोय'. होळीच्या सुमारास कानामागे सूज आली, कान सुपासारखा पुढे आला, ताप चढला. डॉक्टर म्हणाले, "औषध लागू पडलंय. आधी वाढतं, मग उतरतं." तिसऱ्या रात्री मी डोकं धरून ओरडायला लागलो तेव्हा मामानं कुणालाही न विचारता टॅक्सी आणली. कानाच्या सर्जननं हाड कोरून पू काढला. नानांना बाजूला घेऊन ते काय बोलले, हे नानांनी मला फार वर्षांनी सांगितलं: अजून दोन दिवस थांबला असतात तर हा पू मेंदूत गेला असता. मी वाचलो. डावा कान गेला.

नाना गेल्यावर डायऱ्या चाळताना ती नोंद सापडली आणि कॅप्सिकम म्हणजे काय ते मी शोधलं. बाजारात आता त्या नावानं ढोबळी मिरची विकतात, ती ही नव्हे. ही आपली सुकी लाल तिखट मिरची. मायला सांगितलं. ती भाकरी थापत होती. हात थांबला, आणि ती म्हणाली, "मिरचीच देवानी व्हती, ते आपला घरमा काय कमी व्हती?"

माय, तुझा हिशोब चुकला. त्यांनी मिरची दिलीच नव्हती.

मिरची म्हणजे काय हे आम्हा खानदेशी माणसांना कुणी शिकवायची गरज नाही. नंदुरबार १९९८पर्यंत धुळे जिल्ह्यातच होतं. तिथल्या मिरचीच्या पथाऱ्या ज्यानं हिवाळ्यात पाहिल्या असतील, त्याला लाल रंगाची व्याख्या विचारू नये. ओली लाल मिरची गाड्या भरभरून येते आणि उघड्या रानावर नजर जाईल तिथवर पसरली जाते. डोक्याला फडकं, तोंडाला फडकं बांधलेल्या बाया दिवसभर बसून देठ खुडतात. त्या पथारीच्या वाऱ्याच्या बाजूनं मोटारसायकल घेऊन जाऊन बघा. ठसका लागायला तुमची 'प्रकृती' कुणाला विचारावी लागत नाही. गोरा असो की सावळा, कुशीवर झोपणारा असो की पालथा, सगळ्यांना सारखाच लागतो.

उन्हाळा लागला की घरोघरी वर्षाचा मसाला. मिरची उन्हात घालायची, धणे-खोबरं भाजायचं, आणि मग डबे घेऊन कांडपावर नंबर लावायचा. माय तिथं तीन-तीन तास बसून राहायची, कारण आपली मिरची आपल्याच डब्यात पडली पाहिजे. डंक थांबला की चिमूटभर जिभेवर टाकायची. एकदा कांडपवाल्यानं आधीच्या गिऱ्हाइकाचं उरलेलं मचूळ तिखट आमच्यात मिसळलं होतं. मायनं तिथंच त्याच्या सात पिढ्यांचे वाभाडे काढले. शेवभाजीची तर्री नुसती लाल दिसून चालत नाही. ती कानशिलं तापवते, नाकाला धार लावते, तेव्हा पंगत म्हणते, जमलं. भरताचं वांगं काड्यांवर भाजलं तरी त्यात ठेचलेली हिरवी मिरची कमी पडली की पाहुणा उठताना तोंड वाकडं करतोच. तिखट नसलेली मिरची ही आमच्याकडे शिवी आहे. माणसालासुद्धा देतात.

आणि याच खानदेशात गल्लोगल्ली लोक पैसे मोजून बिनमिरचीची मिरची विकत घेतात, वर तिला 'जास्त पॉवरची' म्हणतात.

ही पॉवर काय भानगड आहे ते नीट बघू. सुकी मिरची अल्कोहोलमध्ये भिजवून अर्क काढतात. इथपर्यंत माझं काही म्हणणं नाही, त्या अर्काचा थेंब जिभेवर टाकला तर बोंब मारावी लागेल. मग त्यातला एक थेंब घेऊन नव्व्याण्णव थेंब पातळ अल्कोहोलमध्ये टाकायचा आणि बाटली आपटायची. होमिओपॅथीचा जनक सॅम्युअल हानेमान याच्या 'ऑर्गेनॉन'मध्ये आपटायची जागाही सुचवलेली आहे: चामडी बांधणीचं पुस्तक. ही झाली पहिली पायरी. त्यातला एक थेंब पुन्हा नव्व्याण्णव थेंबांत, दुसरी पायरी. असं करत तीस वेळा गेलं की 'थर्टी', दोनशे वेळा गेलं की 'टू हंड्रेड'. शेवटी त्याचे थेंब साखरेच्या गोळ्यांवर टाकून वाळवायचे. जितकं पातळ तितकं जालीम, असा हा शास्त्रार्थ. दूधवाल्यानं हेच तत्त्व लावलं तर आपण त्याला काय करतो?

आता गंमत बघा. १९१२ साली अमेरिकेत विल्बर स्कोव्हिल नावाच्या औषधशास्त्रज्ञानं मिरचीचा तिखटपणा मोजायची रीत काढली. तीही पातळ करण्याचीच, आणि तीही साखरेच्याच पाण्यात! मिरचीचा अर्क साखरपाण्यात पातळ करत जायचा आणि चव घेणाऱ्यांना तिखट लागायचं थांबलं की बघायचं, किती पट पातळ झालं. तो आकडा म्हणजे तिखटाचं माप. ढोबळी मिरचीचा आकडा शून्य. आपली झणझणीत मिरची काही दहा-हजारांत जाते, ईशान्येकडची भूत जोलोकिया दहा लाख ओलांडते. आणि मिरचीतलं तिखट द्रव्य, कॅप्सेसिन, अगदी शुद्ध काढलं तर आकडा सुमारे १ कोटी ६० लाख. मिरचीत याच्या पुढे तिखट नावाची गोष्टच उरत नाही. होमिओपॅथीची चौथी पायरी म्हणजे दहा कोटी पट. म्हणजे शुद्ध कॅप्सेसिन घेऊन बसलात तरी चौथ्याच पायरीला स्कोव्हिलची माणसं म्हणतील, हे नुसतं साखरपाणी. त्यापुढे माझ्या डॉक्टरांची बाटली आणखी १९६ पायऱ्या चढली.

एक माणूस पातळ करत करत तिखट संपलं कुठं ते शोधतो. दुसरा तेच करतो आणि म्हणतो, आता खरी सुरुवात झाली.

पायऱ्यांचा हिशोब आमच्या भागातल्या पाण्यावर मांडू. एक ग्रॅम तिखट दहा कोटी घनमीटर पाण्यात कालवलं की होते सातवी पायरी. तापीवरचं हतनूर धरण भरलं की त्यात याहून जास्तच पाणी असतं. म्हणजे धरणाच्या काठावर उभं राहून चिमूट टाका, खाली भुसावळपर्यंत सगळ्यांना औषध. बारावी पायरी म्हणजे तीच चिमूट पृथ्वीवरच्या सगळ्या समुद्रांत. एव्हाना मूळ मिरचीचा एकही रेणू तुमच्या वाट्याला येण्याची आशा सोडायला हवी. तिसावी पायरी म्हणजे एकावर साठ शून्यं. आणि दोनशेवी, जी मला दिवसातून तीन वेळा मिळत होती, ती एकावर चारशे शून्यं. दिसणाऱ्या अख्ख्या विश्वातले अणू मोजले तर तो आकडा एकावर ऐंशी शून्यांच्या आसपास थांबतो. मला मिरचीचा एक रेणू मिळावा म्हणून विश्वच कमी पडत होतं. माझ्या कानातले जंतू मात्र लाखांनी होते आणि ते पातळ झालेले नव्हते.

हानेमानला मी माफ करायला तयार आहे. जन्म १७५५चा. १७९०मध्ये त्यानं सिंकोनाची साल स्वतःवर घेऊन पाहिली, तापासारखी लक्षणं आली आणि त्यातून त्यानं नियम बांधला: जे निरोग्याला पिडतं ते रोग्याला बरं करतं. त्याच्या काळातले डॉक्टर रक्त काढून, पारा पाजून रोगी मारत होते. त्यांच्यापुढे काहीच न देणारा डॉक्टर देवमाणूसच ठरणार. रेणू किती बारीक असतो याचा पहिला बरा अंदाज १८६५मध्ये आला, लोशमिट नावाच्या ऑस्ट्रियन माणसाकडून. हानेमान १८४३मध्येच वारला होता. त्याला ठाऊक नव्हतं. पण बारावीला रसायनशास्त्रात ॲव्होगॅड्रोचा आकडा पाठ करून, नीट देऊन, कॉलेजात गेलेल्या पोरापोरींना ठाऊक असतो. तो आकडा त्यांनी कुठं ठेवला? की तोही दोनशे वेळा पातळ केला?

'पाण्याला आठवण राहते' असं एक उत्तर मिळतं. बरं, राहते म्हणू. पण ते पाणी-अल्कोहोल साखरेवर टाकून उडू देतात ना? मग आता आठवण साखरेला राहिली का? आमच्या चहातल्या साखरेला उसाची तरी आठवण आहे का ते विचारा.

मिरचीचे गुण हानेमाननं ठरवले कसे, हेही बघण्यासारखं आहे. निरोगी माणसांना द्रव्य द्यायचं आणि काय काय होतं ते लिहून काढायचं. याला प्रूव्हिंग म्हणतात. जर्मनीतल्या त्या चार माणसांना मिरची ही परदेशी चीज. त्यांनी लिहिलं की घशात मिरची लागल्यासारखी आग होते. वा! मिरचीनं मिरची लागल्यासारखं होतं, हा शोध. गाल लाल होतात, तेही कबूल. पण घरच्या आठवणीनं झोप उडते, हे कुठून आलं? कुणाच्या तरी मनात त्या दिवशी घर असेल, ते वहीत शिरलं, वहीतून ग्रंथात, ग्रंथातून जळगावच्या एका दवाखान्यात आणि तिथून माझ्या जिभेवर. आणि प्रूव्हिंगच करायचं तर पथारीवरच्या त्या बायांपेक्षा मोठं प्रूव्हिंग जगात कुणी केलंय? महिनोन्‌महिने दिवसभर मिरचीत बसतात. रात्री हाताची आग होते, तेल चोळून झोपतात, पोराच्या तोंडाला हात लावायची सोय नाही, खोकला जात नाही. त्यांची लक्षणं कुणी वहीत लिहिली? त्यांना घराची ओढ लागते ती संध्याकाळी सहाला, कारण चूल पेटवायची असते.

हा सगळा स्वयंपाकघराचाच माल आहे, बरं का. त्यांच्या पेटीत हिंग आहे, जायफळ आहे. कांदा आहे, त्याला 'ॲलियम सेपा' म्हणतात आणि सर्दीला देतात, कारण कांदा चिरताना नाक-डोळे वाहतात. लसूण आहे. साधं मीठ आहे, 'नेट्रम मूर' या भारदस्त नावानं. आणि पथ्य काय? कांदा-लसूण बंद! भाकरीबरोबर मूठभर कांदा खाल्ला तर विश्वात एकही रेणू नसलेल्या कांद्याचा गुण मारला जातो. खरा कांदा औषध बिघडवतो, नसलेला कांदा रोग बरा करतो. खानदेशात चार महिने कांदा-लसूण सोडून जेवलोय मी. कान गेला ते गेलाच, वर ते चार महिने कोण भरून देणार?

कायद्याचीही मजा आहे. धुळ्याच्या पाचकंदील बाजारात कुणी लाल तिखट म्हणून विटांची भुकटी विकली, तर २००६चा अन्नसुरक्षा कायदा त्याच्या मानगुटीवर बसतो. नमुना प्रयोगशाळेत जातो, खटला होतो. का? तर पुडक्यावर मिरची लिहिलंय आणि आत मिरची नाही. त्याच रस्त्यावर पुढे दहा दुकानं सोडून काचेच्या बाटलीवर कॅप्सिकम लिहिलेलं असतं, आत मिरची नाही. तिथं प्रयोगशाळेत नमुना पाठवून उपयोगच नाही, कारण मिरची न सापडणं हीच मालाच्या शुद्धतेची खूण. विटांच्या भुकटीत निदान वीट तरी असते.

आता कुणी म्हणेल, तुम्ही मिरचीच्याच औषधी गुणाला नाही म्हणताय. अजिबात नाही. नागीण येऊन गेल्यावर महिनोन्‌महिने राहणारी कातडीची आग ज्यांनी सोसली आहे त्यांना विचारा. त्यावर कॅप्सेसिनचं मलम लावतात, पातळ. आणि आठ टक्क्यांचा एक पॅचही निघालाय, तो दवाखान्यातच, डॉक्टरांच्या देखरेखीखाली लावावा लागतो, कारण लावताना जीव नकोसा होतो. का होतो, तेही कळलंय. डेव्हिड ज्युलियस नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञानं १९९७मध्ये दाखवलं की आपल्या मज्जातंतूंवर एक कुलूप असतं, ते खऱ्या उष्णतेनंही उघडतं आणि कॅप्सेसिननंही. म्हणून मिरची 'गरम' लागते. तेच कुलूप जोरानं आणि बराच वेळ उघडं ठेवलं की तंतू थकतो आणि दुखणं कळवायचं थांबवतो. ज्युलियसला २०२१चं नोबेल मिळालं. इथं होमिओपॅथ टाळी मागायला हात पुढे करतो: बघा, आगीवर आगच! काट्यानं काटा! हात खाली घ्या, डॉक्टरसाहेब. आठ टक्के म्हणजे शंभरात आठ. तिथं मिरची आहे, म्हणून पोळते, म्हणून गुण येतो, आणि जास्त झाली तर अपायही करते. तुमची कुणालाच पोळत नाही.

'साईड इफेक्ट नाहीत', हे तर घराघरांतलं पालुपद. साखरेच्या गोळीचा साईड इफेक्ट नसतो, मान्य. पण त्या चार महिन्यांत पू हाड खात होता. हे माझ्या कानामागचं बीळ कशाचा इफेक्ट, मधला की बाजूचा, ते ज्याचं त्यानं ठरवावं.

जगानं हे तपासून पाहिलेलं आहे. २००५मध्ये 'लॅन्सेट'मध्ये होमिओपॅथीच्या ११० चाचण्या आणि तेवढ्याच आधुनिक औषधांच्या चाचण्या शेजारी-शेजारी मांडल्या गेल्या. मोठ्या आणि नीट केलेल्या चाचण्यांकडे पाहिलं तर होमिओपॅथीचा गुण नुसत्या समजुतीच्या गुणापलीकडे फारसा जात नव्हता. ऑस्ट्रेलियाच्या आरोग्य संशोधन परिषदेनं २०१५मध्ये सांगितलं, एकाही आजारावर ती गुणकारी असल्याचा भरवशाचा पुरावा नाही. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेनं २०१७मध्ये ती लिहून देऊ नका म्हटलं, फ्रान्सनं २०२१पासून तिचे पैसे परत देणं बंद केलं. आणि आम्ही? २०२० साली कोरोना आला तेव्हा आयुष मंत्रालयानं 'आर्सेनिकम अल्बम ३०' सुचवलं आणि राज्यभर गावोगाव बाटल्या वाटल्या गेल्या. जूनमध्ये जळगावच्या मृत्यूदराची देशभर चर्चा चालू होती, आणि आमच्या गावात सरकारी माणूस दारोदार आर्सेनिक देत होता. मायनं विचारलं, यात काय? तो म्हणाला, सोमल. ती घाबरली. मी म्हटलं, घाबरू नको, नाहीये. दोघी-तिघी शेजारणी मात्र गोळ्या घेऊन मास्क सोडून बाजारात गेल्या. 'पॉवर' घेतली होती ना.

आणि आता खरा विनोद. आपल्या गोळ्यांवर सगळ्यात कमी विश्वास कुणाचा असेल तर तो होमिओपॅथांचा. महाराष्ट्रात २०१४ साली कायदा दुरुस्त झाला, आधुनिक औषधशास्त्राचा एक वर्षाचा सर्टिफिकेट कोर्स निघाला, सीसीएमपी. तो केला की होमिओपॅथनं ॲलोपॅथीची औषधं लिहावीत. या सीसीएमपी झालेल्यांची नोंद मेडिकल कौन्सिलमध्ये करायची म्हटल्यावर २०२५च्या सप्टेंबरात ॲलोपॅथीवाल्यांनी एक दिवस संप केला, आणि दोन्ही बाजूंनी पत्रकं निघाली. त्या गदारोळात कुणी साधा प्रश्न विचारला नाही: दोनशे पॉवरची गोळी मुळापासून रोग काढते ना, मग ॲमॉक्सिसिलिन कशाला हवं? शिरपूर-साक्रीकडच्या खेड्यात जाऊन बघा. पाटी होमिओपॅथीची, आत सलाईनचा स्टँड. लोकांना सुई हवी, डॉक्टरला पोट आहे. मी त्या पोरांना दोष देत नाही. साडेपाच वर्षं घालवतात. पहिल्या वर्षी प्रेत फाडून शरीर शिकतात, मग जंतू शिकतात, आणि मग त्यांना सांगितलं जातं की आता हे सगळं बाजूला ठेवा आणि रोग्याला विचारा, स्वप्नात काय दिसतं. फसवणूक आधी त्यांची झाली.

आता एक कडू गोष्ट माझ्याच बाजूची. तो पाऊण तास मी विसरलेलो नाही. जळगाव असो की धुळे, एमबीबीएसच्या पायरीवर सत्तर माणसं बसलेली असतात आणि आत गेलो की तो मान वर न करता कागदावर खरडतो. 'घरची आठवण येते का' असं त्यानं विचारलं असतं तर आम्ही साबुदाण्याएवढ्या गोळ्यांच्या मागे लागलोच नसतो. होमिओपॅथीचा रेणू सापडत नाही, पण त्या पाऊण तासाचा सापडतो; मला तो दहाव्या वर्षी मिळाला आणि मी त्यावर चार महिने जगलो. फक्त कानाला तो पुरेना.

घरच्या आठवणीवर मिरची चालते, यात मात्र त्या जर्मन ग्रंथाचं चुकलं नाही, असं मला अलीकडे वाटतं. माझी पोरगी पुण्याला हिंजवडीत. पहिल्या महिन्यात रोज रात्री फोन, आवाज बारीक. मायनं, वय ब्याऐंशी, पाव किलो काळा मसाला तीन पिशव्यांत घट्ट बांधून ट्रॅव्हल्सच्या ड्रायव्हरकडे दिला. वाटेत पिशवी फुटली. अर्धी बस शिंकत चाकणला पोहोचली म्हणे. ड्रायव्हरनं पोरीला फोनवर शिव्या घातल्या. त्या रात्री तिनं शेवभाजी केली, रूममेट पाणी पीत रडल्या, आणि आवाज पुन्हा ठणठणीत झाला. पॉवर किती म्हणाल तर पाव किलो.

या विषयावर माझ्याशी वाद घालायला अधूनमधून कुणी ना कुणी घरी येतं. साडू येतो, निवृत्त मुख्याध्यापक येतात, एकदा तर कॉलेजातली दोन पोरं बाटल्यांची पेटीच घेऊन आली होती. मी कुणाला नाही म्हणत नाही. चहा ठेवतो, खुर्ची ओढतो, आणि सगळ्यांना माझ्या डाव्या बाजूला बसवतो.